उंचीचा शिक्का

शुक्रवारी बाळ गेलं. पण हे वाक्य अजून कुणी लिहिलेलंच नाही असं धरून चालू. आज बुधवार आहे, बाळ पाच दिवसांचं आहे, आणि इस्पितळातली तंत्रज्ञ कासिमिरा त्याच्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवून पडद्याकडे टक लावून बसली आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी वर चढली, तिनं डोक्याकडे आणि हातांकडे फाटे दिले, आणि वळणावर ती संपलीच. दरड कोसळून रस्ता संपावा तशी. कमरेखालचं रक्त एका बारीक नळीच्या मेहेरबानीवर चाललं होतं. जन्मानंतर ही नळी मिटते. हीसुद्धा मिटत आली होती.

"पायांना ऊबच येत नाही हो," बाळाची आई एउलालिया म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, उंचीमुळे."

पोतोसी या डोंगरावरच्या शहरात सगळं उंचीवर ढकलतात: धाप, उलटी, न फुगलेला पाव, चिडका नवरा. डॉक्टर उर्कीदींनी तर 'उंची' असा शिक्काच करून घेतला होता. लिहिताना त्यांना धाप लागे.

कासिमिरानं त्यांना गाठलं. "डॉक्टरसाहेब, उजव्या हातात प्राणवायू शहाऐंशी टक्के, पायात एकसष्ट."

"पाय लांब असतात, कासिमिराबाई."

"केवढंसं बाळ ते! लांब म्हणजे वीतभर."

"आपण चार हजार मीटरवर आहोत."

"मग हात काय समुद्रकाठी आहे?"

डॉक्टर इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "बघा! उंची."

"साहेब, धमनी तुटकी आहे. नळी उघडी ठेवायचं औषध खाली सुक्रेच्या मोठ्या इस्पितळात मिळतं. आजच पाठवा. आणि बाळाला लावलेला तो प्राणवायू कमी करा, त्यानं नळी लवकर मिटते."

"चित्र तुम्ही काढायचं, बाई. वाचायचं मी." पडद्याकडे न बघताच त्यांनी शिक्का मारला. "प्राणवायू वाढवा."

रुग्णवाहिकेचा चालक भला माणूस होता. "सहीचा कागद आणा, ताई, उडत नेतो," तो म्हणाला. गुरुवारभर कासिमिरा सहीसाठी दारोदार फिरली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच तिनं डबा उघडला नाही.

शुक्रवारी मृत्यूच्या दाखल्यावर तोच शिक्का उमटला. तेव्हा तिनं खुर्ची ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. संचालक यांस. दाखल्यावरील कारणाची फेरतपासणी होणे आवश्यक आहे. त्यासाठी सदर बाळास सोमवारी सकाळी आठ वाजता, आईसह, सोनोग्राफी कक्षात हजर राहण्याची परवानगी मिळावी. छातीला लावावयाचे जेल आधी कोमट करून ठेवण्यात येईल. कळावे, ही विनंती."