राहीच्या वाट्याचं पाणी

सहासष्ट साली जालिंदर फौजेतून परतला, तो काविळीतून उठूनच. मिलिटरीच्या दवाखान्यात दोन महिने पडून होता, पण निभावला. पाटणजवळच्या आपल्या गावी आला, तर धाकटी बहीण राही माहेरी येऊन राहिलेली. तिलाही कावीळच, आणि ती वर्ष उलटलं तरी हटत नव्हती. डोळे हळदीसारखे, पोटात पाणी. ‘बरी झाली की धाडा’ म्हणून सासरच्यांनी आणून घातलेली.

जालिंदरचा शाळेपासूनचा मित्र हंबीरराव मुंबईला डॉक्टरी शिकून कराडच्या एका दवाखान्यात लागला होता. राहीला तपासून त्याने जालिंदरला व्हरांड्यात नेलं.

“याला औषध नाही, जालिंदर. पण तू या रोगातून उठलास. तुझ्या रक्तात त्याच्याशी लढणारं काहीतरी तयार झालं असणार. रक्त काढायचं, तांबडं खाली बसलं की वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, आजाऱ्याला टोचायचं. प्रयोग आहे. गुण येईलच असं नाही.”

“राहीलाच देनार न्हवं?”

“तिच्यासाठीच तर म्हणतोय.”

मग दर पंधरा दिवसांनी बहीणभाऊ एस.टी.नं कराडला जाऊ लागले. जालिंदर आतल्या खोलीत दंड पुढं करायचा, राही बाहेर बाकावर बसून सुई टोचून घ्यायची. चार-पाच खेपांनंतर ती जरा जेवायला लागली. “दादा, तुजं रगात हाय माज्यात. आता मीबी तुज्यासारखी लगीच चिडते,” म्हणून हसायची.

सहाव्या खेपेला जालिंदर रक्त देऊन उठला, तेव्हा खोलीतला पडदा सरकलेला होता. पलीकडे नर्स साळूबाई राहीची सुई भरत होत्या. हातातली बाटली त्यानं बघताक्षणी ओळखली. फौजेत तशीच दोन महिने त्याच्या खाटेवर टांगलेली होती. सलाईन. मिठाचं पाणी.

“बाई, चुकीची बाटली घेतलीसा.”

“चूक न्हाई. राहीबाई पाण्याच्या गटात हायेत.” साळूबाई थबकल्या. “डॉक्टरांनी सांगितलं न्हाई तुमास्नी?”

हंबीरराव टेबलाशी काही लिहीत होता. जालिंदर समोर जाऊन उभा राहिला.

“माजं रगात कुनाला देतूस, हंबीरा?”

हंबीररावानं पेन खाली ठेवलं. “बस आधी. वीस आजारी आहेत. दहांना सीरम, दहांना पाणी. त्याशिवाय गुण कशानं आला ते कळणार कसं? चिठ्ठ्या टाकल्या मी. राहीची पाण्याची निघाली. मी मुद्दाम नाही केलं रे.”

“चिठ्ठी टाकायच्या आदी इचारलंस?”

“सांगितलं असतं तर तू रक्त दिलं असतंस?”

एका ताटात जेवलेला माणूस आपल्याला असं जोखून बसला होता, हेच जालिंदरच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

“आजपासून तिला सीरम देतो, मग तर झालं?” हंबीरराव हळू आवाजात म्हणाला. जालिंदरनं गुंडाळलेली बाही खाली केली आणि बाहेर आला.

राहीला सांगावं की नाही, दारापर्यंत जीव घुटमळला. पण तिला फसवणारा दुसरा व्हायचं त्याच्यानं होईना. त्यानं सगळं सांगितलं. ती आपल्या दंडाकडं बघत राहिली.

“मग मला बरं वाटत हुतं, ते?”

राही उठली आणि बाकावरच्या आजाऱ्यांना खणखणीत आवाजात म्हणाली, “आयाबायांनु, हितं निम्म्यांना नुसतं मिठाचं पानी टोचत्यात. कुनाला काय, ते इचारून घ्या.”

दोघंतिघं उठून गेले. धोंडुबाई नावाची म्हातारी मात्र जागची हलली नाही. “पानी तर पानी. दुसरं कोन काय देतंय आमाला?” म्हणाली आणि तिनं पदर सावरून दंड उघडा केला.

राही परत कराडला गेली नाही. पुढच्या वर्षी ज्वारी काढणीच्या दिवसांत ती वारली. तिसऱ्याला हंबीरराव आला. नदीवर सगळे पांगल्यावर जालिंदरजवळ येऊन म्हणाला, “सीरमनंही कुणाला गुण आला नाही रे. तिला दिलं असतं तरी...”

“त्ये आसंल. पर तू खरं सांगितलं आसतंस, तरीबी आमी दोगांनी दंड पुढं केला आसता. त्येवढं तू आमाला वळखलं न्हाईस.”

हंबीरराव काही बोलणार होता, पण जालिंदर घाटाच्या पायऱ्या चढून गेलाही होता. पुढं हंबीरराव गावी आला की वाट वाकडी करून त्याच्या दारावरून जायचा, आणि जालिंदर ओट्यावर असला तर उठून आत जायचा.