पांढऱ्या कागदावरची प्रस्तावना

सर चालता चालता मजकूर सांगत. कॉलेजच्या आवारातल्या त्यांच्या घरी, अभ्यासिकेत, टेबलापासून खिडकीपर्यंत सात पावलं, आणि परत येताना सहा, कारण परतताना त्यांना पुढचं वाक्य सापडलेलं असे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही मांडीवर घेऊन लघुलिपीत उतरवून घ्यायची. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आत्याकडे राहायची, आणि कॉलेजच्या इतिहास विभागात टंकलेखिका म्हणून लागून मला दीड वर्ष झालं होतं. त्याला आता अठ्ठावन्न वर्षं झाली. त्या खोलीतलं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

सर प्रेषित पौलाच्या पत्रांचा अभ्यास करत. दोन हजार वर्षांपूर्वी हा माणूस शहरोशहरी फिरला, ख्रिस्ताच्या नावाने छोट्या छोट्या मंडळ्या उभ्या केल्या, आणि पुढच्या शहरात गेल्यावर मागच्यांना लेखनिकाकडून लिहवून घेतलेली पत्रं पाठवत राहिला. काही समजावणारी, काही चांगली कानउघाडणी करणारी. कोणतं पत्र कुठे बसून लिहिलं, तेव्हा त्या शहरात काय चाललं होतं, कोणता मजकूर त्याचा आणि कोणता मागाहून कोणी घुसडलेला, यात सरांनी अकरा वर्षं घातली होती. पुस्तक सात प्रकरणांचं होणार होतं. तीन झाली होती आणि सरांचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, थंडी संपेपर्यंत वाचता येईल, पुढचं देवाला ठाऊक.

"पौलाने बिचाऱ्याने एवढी पत्रं लिहून हातावेगळी केली," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहाचा कप ठेवता ठेवता म्हणायच्या, "आणि हे अकरा वर्षं त्याची पाकिटं फोडतायत."

आमची एक पद्धत होती. सर जे बोलतील ते सगळं, अडखळण्या-आठवण्यासकट, मी आधी पिवळ्या कागदावर टाइप करायची. सर त्यावर लाल शाईने खुणा करत. मग ते सुधारून पांढऱ्या कागदावर जाई. डोळे बिघडल्यावर लाल शाई थांबली. मी पिवळा कागद वाचून दाखवायची आणि सर तोंडी सुधारायचे. पण पिवळं ते पिवळं आणि पांढरं ते पांढरं, हा नियम कधी मोडला नाही.

तिसऱ्या प्रकरणावर सरांचा फार जीव. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल सुरुवातीलाच ठासून सांगतो की तुमच्यातल्या दोघांखेरीज मी कुणालाही बाप्तिस्मा दिलेला नाही. आणि दोन ओळी पुढे गेला नाही तोच म्हणतो, हो, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला, आणखी कुणाला दिला असेल तर आठवत नाही. सरांचं म्हणणं, इतका काटेकोर माणूस एका दमात स्वतःला खोटं पाडणार नाही. स्तेफनाच्या घराण्याचा मान वाढावा म्हणून ती ओळ मागाहून कोणीतरी घातली. आणि एका जागी हात घातला तर आणखी कुठे घातला असेल? पुढची चारही प्रकरणं या एका खुंटीवर टांगायची होती.

त्या शरदात प्रकाशन समितीने तीन प्रकरणं आणि प्रस्तावना मागवली. पाठवायच्या दिवशी चारला टपाल निघायचं होतं. साडेतीनला सरांच्या लक्षात आलं की प्रस्तावनेतला आभाराचा भाग राहिलाच. ग्रंथपाल गठ्ठा न्यायला येऊन उभे होते. अंगाने दणकट, पण आवाज मात्र ग्रंथालयाचे नियम पाळणारा. सरांनी भराभर सांगितलं, मी थेट टाइप केलं, ग्रंथपालांनी गठ्ठा उचलला आणि निघालेसुद्धा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. समितीचे परीक्षक सरांचे वर्गमित्र, आणि दोघांचं कॉलेजपासून विळ्याभोपळ्याचं सख्य. पत्र मी वाचून दाखवलं. त्यात होतं: "तिसऱ्या प्रकरणात तुम्ही म्हणता की विचारी माणूस असं लिहीत नाही. प्रस्तावनेत तुम्ही अगदी असंच लिहिलंय. तेव्हा या दोहोंपैकी तुम्ही लिहिलेलं कोणतं आणि मागाहून घुसडलेलं कोणतं, ते कळवावं. तोवर समितीला निर्णय घेता येत नाही."

"प्रस्तावना काढ," सर म्हणाले.

मी आमच्याकडे ठेवलेली स्थळप्रत काढली आणि वाचू लागले. "'या कामात पत्नी आणि माझे गुरुजी या दोघांखेरीज मी कुणाचाही ऋणी नाही. हो, आमच्या ग्रंथपालांचाही आहे. आणखी कुणाचा असेन तर आता आठवत नाही.'"

सर चालायचे थांबले.

"हे पिवळ्यावर होतं?"

"नाही सर. वेळ नव्हता. थेट पांढऱ्यावर घेतलं."

"पांढऱ्यावर!" ते इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "अकरा वर्षं, आणि तू... जा. आज जा घरी."

घरी आत्या म्हणाली, "हे असं होणारच होतं. डोळे त्याचे गेले आणि ठेच तुला लागली." मला नोकरीची काळजी होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून वाईट वाटत होतं ते प्रकरणाचं. तिसरं कोसळलं की पुढची चार कोसळणार, आणि नव्याने उभारायला सरांकडे डोळे कुठे होते? माझ्या एका कागदाने होत्याचं नव्हतं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. तोही पांढऱ्या कागदावर. ग्रंथपाल व्हरांड्यात भेटले. "घाबरू नका. लेखनिकांनी ध चा मा केल्याचं ऐकलं होतं. ध चा ध ठेवला म्हणून कुणाला फाशी दिल्याचं ऐकलं नाही."

सर खुर्चीत बसले होते. सर बसलेले मी क्वचितच पाहिले होते.

"राजीनामा बाजूला ठेव. मला एक सांग. मी 'दोघांखेरीज कुणाचा नाही' म्हणालो, आणि लगेच ग्रंथपालांचं नाव घेतलं. तू मागे जाऊन 'दोघां'चं 'तिघां' का नाही केलंस?"

"तुम्ही खोडा म्हणाला नाहीत."

"सांगायलाच हवं का? तुला डोकं आहे."

मला राग आला. रात्रभर भीती होती, ती सकाळी रागावर गेली. "सर, बोलणाऱ्याला वाटतं, लिहिणारा त्याच्या शेजारून चालतोय. तसं नसतं. तुम्ही खिडकीशी पोचलेले असता, मी अजून टेबलापाशी असते. मागे जाऊन खोडत बसले तर पुढचं वाक्य निसटतं. म्हणून हात जे ऐकतो ते लिहितो. निवडणं नंतरचं काम. आणि नंतर वेळ मिळाला नाही तर तसंच जातं."

सर हळूच म्हणाले, "पण मला ग्रंथपाल मध्येच का आठवले? आधी का नाही?"

"आधी तुमची त्यांच्याकडे पाठ होती. ते गठ्ठा न्यायला आले होते. तुम्ही खिडकीकडून वळलात आणि ते समोर उभे दिसले."

"समोर," सर म्हणाले. "खोलीतच."

ते उठले. पहिल्यांदा टेबलाला धडकले, दुसऱ्यांदा खुर्चीला. "शेवट वाच. करिंथच्या पत्राचा शेवट. भाषांतर वरच्या फळीवर आहे."

मी वाचलं. तिथे पौल त्या मंडळीला कळवतो की स्तेफन आणि आणखी दोघे तुमच्याकडून इथे आलेत, त्यांना पाहून मला बरं वाटलं.

पुन्हा वाचायला लावलं. मग सर हसायला लागले. काकू धावत आल्या. त्यांना वाटलं काही विपरीत झालं.

"अहो, झालं काय?"

"स्तेफन खोलीत होता!" सर म्हणाले. "तिथेच, बाकावर बसला असेल. पौल म्हणतोय, दोघांखेरीज कुणाला नाही. वळून बघतो तर हा समोर! आणि लिहिणारा बिचारा टेबलापाशीच. शंभर वेळा वाचलाय मी हा शेवट. पण मी कायम बोलणाऱ्याच्या जागी उभा राहिलो. लिहिणाऱ्याच्या खुर्चीत कधी बसलोच नाही."

"मग तिसऱ्या प्रकरणाचं काय?" मी विचारलं.

"गेलं," सर म्हणाले, आणि चेहरा असा जणू दुखरी दाढ निघाली. "खात्रीने नाही सांगता येणार, पण पटण्यासारखं आहे. पुढची चार आता वेगळी होतील. एका खोलीतून निघालेली पत्रं. कोण बसलं होतं, कोण आलं, कोण लिहीत होतं. त्या खडूसाला कळव, घुसडलेलं काही नाही, दोन्ही मीच लिहिलंय आणि दोन्ही चुकलोय. पिवळा कागद लाव."

त्या थंडीत आम्ही जे काम केलं तसं मी पुन्हा आयुष्यात केलं नाही. सर रोज दोन तास सांगत, बाकीचा वेळ मला प्रश्न विचारत. थकल्यावर लिहिणारा काय करतो? नाव नीट ऐकू आलं नाही तर? मी उत्तर देई आणि ते मान हलवून पत्रांकडे वळत. माझ्या टाइपरायटरवर ग्रीक अक्षरं नव्हती. तेवढी जागा कोरी सोडायची आणि सर हाताने भरायचे. डिसेंबरात त्यांची ओळ कागदाबाहेर जायला लागली, तेव्हा काकूंनी माझ्यापुढे मुळाक्षरांचं पुस्तक आपटलं. "शीक बाई. नाहीतर हे टेबलावर लिहून ठेवतील." मी शिकले. आधी नुसती गिरवायला, मग वाचायला, पुढे थोडं समजायलाही.

फेब्रुवारीत एका सकाळी सर म्हणाले, "आज पानं दिसत नाहीत." हवा सांगावी तसं सांगितलं. दोन प्रकरणं बाकी होती. काकू दाराशी उभ्या होत्या.

"कालच्या पानाची चौदावी ओळ," सर म्हणाले. "मला पाठ आहे, मी म्हणतो, तू पुस्तकातून ताडून बघ." त्यांनी ग्रीकमध्ये ओळ म्हटली. मी बोट ठेवून ती वाचत गेले आणि मध्येच थांबले.

"काय झालं?"

"सर, तुम्ही म्हणता तसं इथे नाही."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. खोलीत फक्त माझा आवाज होता आणि तो थरथरत नव्हता, याचं मलाच नवल वाटलं.

सर खुर्चीत मागे टेकले, कुठे निवांत जागा मिळावी तसे.

"इतकी वर्षं चुकीचं पाठ होतं," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे. आता माझी काळजी मिटली. पुढची ओळ तूच वाच."