कुसाबाईची पळी

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात नाशकात थंडीनं कहर केला होता. सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. कुणाचे ओठ फुटलेले, कुणाच्या नडग्यांवर पांढऱ्या रेघा, आणि टाचांना तर नख आत जाईल एवढ्या भेगा. अशा दिवसांत पंचवटीतल्या कुसाबाईच्या ओट्यावर शेजारपाजारच्या माणसांची रीघ लागायची. कुसाबाई भेगा भरून द्यायची. कोकमतेल, मेण आणि चिमूटभर राळ लोखंडी पळीत घालून निखाऱ्यावर वितळवायची, भिजवून घासलेली टाच मांडीवर घ्यायची आणि भेगेत थेंबथेंब सोडायची.

तेल किती तापलं, हे ती कधी बोट लावून बघत नसे. समोरच्यानं "स्स्" केलं की औषध तळाला पोचलं असं समजायचं आणि थांबायचं. नाही केलं, तर पळी पुन्हा निखाऱ्यावर. आईपासून चालत आलेली ही रीत. तीस वर्षांत कुणाला फोडसुद्धा आला नव्हता.

त्या रविवारी तिचा धाकटा भाऊ मोतीराम ओझरहून आला. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. दर हिवाळ्यात तो भेगा भरायला बहिणीकडे यायचा आणि पळी जवळ येण्याआधीच बोंब ठोकायचा.

"आलास का रे बोंबल्या?" आपली पाळी आटपून बसलेली शेजारची चिमणाबाई म्हणाली. "गेल्या साली तुझं वरडणं पार गंगेच्या घाटावर ऐकू गेलं व्हतं."

"औंदा नाय वरडायचो, चिमणाबाई. भेगा लय खोल हायेत, पण दुखत म्हणून नाय."

"म्हातारपणी अक्कल आली म्हणायची!"

"कसली अक्कल! परवा बाजारातनं घरी आलो तर एका पायात चप्पलच नाय. कुठं निसटली, पत्ता नाय. तसाच आलो की मैलभर!"

चिमणाबाई पदर तोंडाला लावून हसली. कुसाबाईही हसली, पण त्याची टाच घासता घासता तिचा हात मध्येच थांबला.

"अन् ती साखर निघाली व्हती तुझी? गोळ्या घेतोस ना?"

"घेतो की. आठवण आली म्हंजे."

तिनं टाच मांडीवर घेतली. पाय दगडासारखा गार होता. थंडीच तशी होती, असं तिनं मनाशी म्हटलं. पहिला थेंब सोडला. मोतीराम कारखान्यातल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होता. नक्कल चालूच राहिली.

"लागतंय का रे?"

"अगं, गारच हाय."

पळी निखाऱ्यावर गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तेलावर धुराची बारीक रेघ उठली. थेंब भेगेत पडला तसा राळेच्या वासाखालून दुसराच एक वास आला. बैलाला तापलेली लोखंडी पत्री मारताना खूर जळतो, तसा. भेगेची कड पांढरी पडली.

"मोती, खरं सांग. लागतंय ना?"

"टाक गं, अक्का! आज हूं की चूं करणार नाय."

तो इतका खुशीत होता, की तिला नाही म्हणवेना. तिनं पळी रिकामी केली, फडकं बांधलं, त्यावर लोकरी मोजा चढवला. दुसरी टाच पुढच्या रविवारी भरू, असं म्हणून मोतीराम एसटी गाठायला गेला.

कुसाबाईची सून मोहिनी घरातून बाहेर आली. "आत्याबाई, काय जळलं?"

"राळ," कुसाबाई म्हणाली.

पण जेवताना घास तोंडाशी नेला की तो वास यायचा. हात साबणानं धुतले, राखेनं घासले. कुणी भेगा घेऊन आलं तर कोकमतेल संपलं म्हणून सांगू लागली. पाचव्या दिवशी तिला राहवेना. ती ओझरला गेली.

मोतीराम अंगणात उन्हाला बसला होता. पायात तोच मोजा. एवढ्या थंडीतही मोज्याभोवती माश्या घोंगावत होत्या.

"मोजा काढ."

"राहू दे की. ऊब हाय."

तिनं ओढला. मोजा निघेना, तळाशी चिकटला होता. कात्रीनं कापून काढला, तेव्हा टाच काळी पडलेली दिसली, आणि तिथून वर घोट्यापर्यंत लालभडक सूज.

"दुखत नाय गं," मोतीराम म्हणाला.

तासाभरात रिक्षा नाशकात दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"शेकोटीत पाय पडला, साहेब," मोतीराम घाईनं म्हणाला.

"मी केलं," कुसाबाई म्हणाली. "भेगेत कढत तेल वतलं. लागतंय का म्हणून इचारलं, तर नाय म्हनला."

"लागणार कसं? साखरेनं पाय बधिर झालाय यांचा." डॉक्टरांनी पायाच्या बोटांना टाचणी टोचून दाखवली. मोतीराम नुसता बघत राहिला. मग त्यांनी पेनानं लाली संपत होती तिथे, घोट्यापाशी, एक रेघ ओढली. "इंजेक्शनं सुरू केलीत. संध्याकाळपर्यंत लाली रेघेच्या आत राहिली तर बघू. वर चढली, तर पाय ठेवता येणार नाही. आजच कापावा लागेल."

कुसाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. दर थोड्या वेळानं चादर उचलायची, रेघ बघायची, चादर टाकायची. दुपारी दोनला लाली अजून रेघेपाशीच होती. तीनला रेघ कुठली नि लाली कुठली ते कळेना. खिडकीतून ऊन सरकलं, तिनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

चार वाजता चहा आला. मोतीरामनं कप हातात घेतला, फुंकर घातली.

"अक्का, दुसऱ्या टाचेचं राहूनच गेलं बघ."

तिनं चादर उचलली. रेघेच्या वर दोन बोटं लाली होती.

"काय म्हनतंय?"

कुसाबाईला खोटं सुचलं नाही. "वर चढलंय रे, मोती."

तो थट्टेचं काही बोलेल म्हणून ती थांबली. त्यानं चहावर पुन्हा फुंकर घातली. तेव्हा ती उठली आणि नर्सला बोलावून घेऊन आली. नर्सनं चादर बाजूला करून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मोतीरामच्या हातातला कप हळूच काढून घेतला.

"बाबा, आता काही खायचं-प्यायचं नाही."