पिशवी उलटी आली तेव्हा

"आत्या, दादरला रेल्वे जाती ना? मंग पायी कशाला?"

हे विचारायची माझ्या मैत्रिणींनी, शालू आणि मदीहानं, पैज लावली होती, कारण वडीगोद्रीत चांगुणाआत्याला असं विचारायची कुणाची छाती नाही. मी विचारलं! आत्या चिडली नाही.

"तुझे भिवामामा, माझे मालक, पायी चैत्यभूमीला निघाल्ते. नगरहून आजारी पडून माघारी आले, मंग वारलेच. त्यांचं चालायचं राह्यलंय. ते गाडीत बसून कसं पुरं व्हईल? येती का संग?"

"येते की!" दहावी असली म्हणून काय झालं? पप्पा-मम्मीला मीच पटवलं.

रस्ताभर मी घोषणा दिल्या, सेल्फी काढल्या. आत्याचा गुडघा सुजला होता, म्हणून ती जपून पाय टाकायची. "समुद्र दिसला की लावते सगळा जोर," म्हणायची. फोटोत चैत्यभूमी पाण्याला लागूनच दिसते ना!

पाच डिसेंबरला ठाण्याच्या अलीकडं एका पुलाजवळ आम्ही दोघी भाकरी खायला बसलो. आमच्यासंग निघालेली बाकीची मंडळी पुढं गेल्ती. खाली रुंद, मातकट पाणी. एक निळी पिशवी तरंगत पुलाखालून गेली. आमचं जेवण आटपलं, तर तीच पिशवी परत आली!

"मोने, पाणी माघारी फिरलं," आत्या उठलीच. "आपली गोदावरी कधी फिरती का अशी? हा समुद्रच!"

"समुद्र!" मी एवढ्यानं ओरडले की रिक्षावाला वळून बघायला लागला.

मग आत्यानं सगळा जोर लावला. झपाझपा पूल ओलांडला, मी मागं पळत. पलीकडं तिचा गुडघा मुडपला आणि ती खालीच बसली.

"स्तूप कुठंय गं?"

शेजारी मासे विकणाऱ्या बाईनं पाणी दिलं. "दादरचा स्तूप? लय लांब आहे अजून. ही खाडी. भरती लागली की पाणी असंच आत शिरतं."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मी काखेत हात घालून तिला उठवलं, तिनं पाय टेकला, परत बसली. मघाचा रिक्षावाला आला. "बसा माय, जय भीम, भाडं नको." तिनं नुसती नकाराची मान हलवली. रडली असती तरी बरं वाटलं असतं. निळे झेंडे घेतलेले लोक "चला माय, चला" म्हणत पुढं चालले होते.

"तू जा त्यांच्यासंग," आत्या म्हणाली.

"आन् तू?"

"माझं काय करती? उचलून नेती का?"

मी खरंच उचलायला गेले. जमलं नाही.

तेवढ्यात पप्पांचा फोन. मी झालेलं सगळं सांगितलं. मागून मम्मी ओरडत होती, "गाडीत घाल त्यांना! उद्या सहा तारीख. आन् शाळेतून दोनदा फोन आल्ता."

"मोनाली," पप्पा म्हणाले, "अक्काला समजाव, बेटा."

"ती ऐकायची न्हाई, पप्पा." मी आत्याच्या शेजारी खालीच बसले. "सहा तारीख हुकली तर हुकू द्या. मम्मी, शाळेत सांग, मी एवढ्यात येत न्हाई. इथल्या एखाद्या विहारात पाठ टेकू. आत्याचा पाय चालंल तवा तिच्यासंग चालीन, आन् न्हाई चालला तर तिला घिऊन घरी येईन. पण गाडीत बस म्हणून मी तिला सांगणार न्हाई."