मूळ की फुलदांडा

मार्गशीर्षातली सकाळ. जरंड्याच्या डोंगरामागून वर आलेलं कोवळं, केशरकांती ऊन त्र्यंबकराव उपळेकरांच्या पूर्वेच्या खिडकीत उतरलं, आणि त्यांना पुन्हा ते पत्र आठवलं. वर्ष उलटलं तरी उत्तर न दिलेलं पत्र.

कुमुदिनीबाईंचं पत्र. छापखान्यात अर्धं आयुष्य त्यांच्या समोरच्या टेबलावर बसलेल्या, आता चिपळूणला बहिणीकडे राहायला गेलेल्या कुमुदिनीबाई. जाताना त्या मॉथ ऑर्किडची एक कुंडी देऊन गेल्या. एका वाकलेल्या दांड्यावर हिमशुभ्र, निःशब्द पाकोळ्यांची रांग. मागून दोनच ओळी आल्या : 'पुन्हा फुललं की कळवा. बघायला येईन.'

तोवर फुलं गळून गेली होती. एकेक पाकोळी मिटली, सुरकुतली, खाली आली. त्र्यंबकरावांना वाटलं, आपल्याच हातून हे झालं. जन्मभर त्यांनी मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. स्वतःचं एक वाक्य लिहायचं तर आधी त्यातल्या चुकाच दिसत. उघडं झाड कळवायचं तरी कसं?

म्हणून ते झाड जपत राहिले. पुस्तकं वाचून जपत राहिले. माती नको, सालीचे तुकडे हवेत. ऊन नको, उजेड हवा. आणि पाणी, मुळं रुपेरी झाल्यावरच! काय त्या मुळांचं नवल! पारदर्शक कुंडीतली ती तहानलेली, रजतवर्ण मुळं पाण्याचा स्पर्श होताच बघता बघता हिरवी होत, पाचूसारखी हिरवी, आणि दर वेळी त्र्यंबकरावांचा श्वास क्षणभर थांबे. पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर ते कापसाने टिपून घेत. रडून झोपलेल्या लेकराचे डोळे टिपावेत, इतक्या हलक्या हाताने.

आणि आज, दोन मांसल पानांच्या मधून, एक टोक!

हिरवं. तुकतुकीत. तांदळाच्या दाण्याएवढं. मूळ, की फुलदांडा? मूळ असेल तर टोक गोल. दांडा असेल तर जरा चपटं, बाळमुठीसारखं. त्र्यंबकरावांनी भिंग लावलं : गोल. चष्मा पुसला : चपटं. कुंडी फिरवली : गोल. छातीत चिपळ्या वाजत होत्या. गेल्या पावसाळ्यात असंच एक टोक पाहून त्यांनी पेढे वाटले होते. आणि ते टोक निवांतपणे खाली वळून मूळ झालं होतं.

शेजारच्या हौसाबाई दळणाचा डबा घेऊन निघाल्या होत्या. उघड्या दारातून त्यांनी भिंग पाहिलं.

"काय वो उपळेकर, आता पेढं कधी?"

"कळेना अजून," त्र्यंबकराव पुटपुटले. "कळलं की कुमुदिनीबाईंना लिहीन म्हणतो. फूल बघायला येणार आहेत त्या."

हौसाबाईंनी डबा उंबऱ्यावर टेकवला. "अवो, चिपळुणात फुलं मिळंनात व्हय? येवढा घाट चढून बाई फूल बघाया येतीया!"

आणि हसत हसत त्या जिना उतरून गेल्या.

त्र्यंबकराव उभेच राहिले. कानांच्या पाळ्या तापल्या. खिडकीतलं ऊन पानांवरून ओघळलं, टेबलावर आलं, बोटांवर आलं. वर्षभर वाचलेल्या त्या दोन ओळी आज पहिल्यांदाच वाचल्यासारख्या वाटल्या. येईन. येईन, असं लिहिलं होतं बाईंनी. येईन!

त्यांनी कच्चा मजकूर केला नाही. सरळ लिहिलं : 'एक टोक आलं आहे. मूळ आहे की दांडा, मला अजून समजत नाही. मूळ निघालं तरी या. मला तुम्हाला भेटायचं आहे.' एक शब्द खोडावा लागला, शाई पसरली. तशीच राहू दिली. पुन्हा वाचलं असतं, तर फाडलं असतं.

स्वेटरची बटणं वरखाली लागलेली, एका पायात चप्पल नीट नाही, असे ते नाक्यावर आले. लाल पेटीच्या तोंडाशी बोटं घुटमळली. घुटमळली, आणि सुटली. आत पत्र्यावर एवढासा आवाज झाला.

रस्ता उन्हाने भरत होता. सायकलींच्या घंट्यांनी, चहाच्या वाफेने, शाळेकडे धावणाऱ्या रिबिनींनी भरत होता. आणि त्या भरत्या, सोनसळी उजेडात एक म्हातारा रिकाम्या हातांनी उभा होता; उभा होता, आणि हसत होता.