मी, चाळीचा टाय

मी एक टाय बोलतोय. निळा, त्यावर तिरके तांबडे पट्टे. कापड टेरिलीनचं आहे, पण आतलं अस्तर चांगलं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण वरवर बघून लोक मला अगदीच स्वस्तातला समजतात. माझा पत्ता असल्फा, घाटकोपर पश्चिम, डोंगराच्या उतारावरची चाळ. तिथं मी कुणा एकाच्या मालकीचा नाही, सगळ्या चाळीचा आहे.

मला शिवलं चंपा नावाच्या एका बाईनं. दिवसभर ती माझ्यासारखे टाय शिवायची, पण तिच्या घरात कुणाच्या गळ्यात टाय पडला असेल असं मला वाटत नाही. तिथून मी घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका दुकानात आलो आणि रुमालांच्या शेजारी बरेच दिवस लोंबकळत राहिलो. रुमालांना गिऱ्हाईक भरपूर. माझ्याकडे येऊन माणसं नुसती हात लावून जायची.

मला पहिल्यांदा विकत घेतलं श्यामकांतनं. बी.कॉम. होऊन तो औषधांच्या कंपनीत लागला होता आणि डॉक्टरांकडे जाताना टाय हवाच, असा कंपनीचा हुकूम होता. टाय बांधायचा कसा, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुकानदारानं मला स्वतःच्या गळ्यात घालून गाठ मारली, सैल केली, डोक्यावरून काढली आणि श्यामकांतच्या डोक्यावरून खाली सोडली. म्हणाला, गाठ सोडू नका, अशीच घाला आणि अशीच काढा. श्यामकांतनं हे इतकं मनावर घेतलं की त्यानं ती गाठ कधीच सोडली नाही.

पुढे त्याची बदली नागपूरला झाली. जाताना तो मला चाळीला देऊन गेला, पोरांना इंटरव्ह्यूला होईल म्हणून. चाळीच्या सामाईक वस्तू धाकूकाकांकडे असायच्या. ते चाळीच्या गणपतीचे खजिनदार. त्यांनी मला गणपतीच्या मखराचे पडदे ठेवायच्या ट्रंकेत ठेवलं, आणि तिथं मला एकदम मान आला.

मान वाढायला कारणही तसंच घडलं. मला घालून गेलेला पहिला पोरगा विमा कंपनीत चिकटला. दुसरा गोदीच्या ऑफिसात लागला, त्यामागून आणखी एक-दोन. चाळीनं ठरवून टाकलं की यश या टायच्या गाठीत आहे. खरं काय ते मला माहीत होतं, कारण प्रत्येक वेळी मी आत होतो. एकाच्या मामानं साहेबाला आधीच फोन केला होता. दुसऱ्याच्या जागेसाठी आलेला उमेदवार चुकून शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसला. तिसरा पोरगा मुळात इतका हुशार होता की बनियनवर गेला असता तरी त्याला घेतलं असतं. शिवाय माझी जुनी गाठ अशी घट्ट बसायची की कुणाला फार बोलताच येत नसे, आणि साहेब लोकांना वाटायचं, मुलगा गंभीर दिसतो. पण टायला कोण विचारतो?

मग चंद्रप्रकाशची पाळी आली. साल शहाऐंशी. त्याचे वडील काशीराम गिरणीत होते. संपानंतर गिरणी काही त्यांच्यासाठी उघडली नाही, तेव्हापासून ते मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन होते. आई रुक्मिणी घरात पोळ्या लाटून डबे द्यायची. चंद्रप्रकाश घराण्यातला पहिला बी.कॉम., तोही सेकंड क्लास. निकालाच्या दिवशी पेढे वाटले गेले. पेढे संपले आणि अर्ज सुरू झाले. जाईल तिथं एकच प्रश्न, अनुभव आहे का? नोकरीच नाही तर अनुभव आणायचा कुठून, हे कुठल्याच साहेबाला सुचत नव्हतं. शेवटी पोरगा चाळीच्या मागच्या जिन्यानं ये-जा करायला लागला, कारण पुढच्या जिन्यात बसलेली मंडळी रोज विचारायची, काय रे, लागलं का कुठे? आई मात्र कधी काही विचारायची नाही. तो आला की ती ताट वाढायची.

अशात मरोळच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. मिक्सर बनवणारी कंपनी, माल खपवण्याच्या खात्यातली जागा, आणि तीही एकच. रिवाज असा होता की इंटरव्ह्यूच्या सकाळी धाकूकाका ट्रंक उघडणार, मुलगा आंघोळ करून त्यांच्या पाया पडणार आणि मगच मी त्याच्या गळ्यात. पण काकांना आदल्या दिवशी दहिसरला लग्नाला जायचं होतं आणि तिथं मुक्काम पडेल असं त्यांना वाटत होतं. म्हणून त्यांनी मला आदल्या सकाळीच चंद्रप्रकाशच्या हातात दिलं.

दुपारी तो केस कापायला गेला आणि मी रुक्मिणीच्या तावडीत सापडलो. तिनं मला उचललं, नाकाशी नेलं आणि नाक मुरडलं. तिचं काही चुकलं नाही. इतक्या पोरांचा भीतीचा घाम मी प्यायलो होतो. दुसऱ्यांचा हा मळ आपल्या मुलाच्या गळ्याला कशाला, असं तिच्या मनात आलं. गाठ फार चिवट होती. तिनं केसांतला आकडा काढला आणि मटार सोलायचे बाजूला ठेवून, गाणं गुणगुणत, सावकाश ती सोडवली. मग साबण लावून मला धुतलं, सावलीत वाळवलं आणि गरम पाण्याचा तांब्या फिरवून इस्त्री केली. कित्येक वर्षांनी मी लांबच्या लांब पसरून पडलो होतो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

चंद्रप्रकाश आला आणि मला तसा सरळ पडलेला बघून दारातच थांबला. त्याच्या तोंडाकडे बघून रुक्मिणीच्या ध्यानात आलं की काहीतरी भलतंच झालंय. गाठीचा महिमा चाळीतल्या पुरुषांना तोंडपाठ होता, पण बायकांच्या हाती मला कधी दिलंच नव्हतं, त्यामुळे तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"माका काय ठावक, सगळा त्या गाठीत असता ता," ती म्हणाली. "माझ्या झिलाच्या गळ्याक दुसऱ्याचो घाम नको, म्हणान धुतलंय."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. जो तो येऊन मला बांधून बघायला लागला. एकानं बोचक्याची गाठ मारली, एकानं होडीच्या दोराची. शेजारच्या सुगंधा नावाच्या मुलीनं तर माझं वेणीच्या रिबिनीसारखं फूल केलं आणि स्वतःच हसत सुटली. संध्याकाळी धाकूकाका लग्नाहून आले, मला बघितलं आणि उंबरठ्यावरच बसले.

"रुक्मिणी, वाट लावलीस गो," ते म्हणाले. "तुझ्या एकट्या पोराची नाही, सगळ्या चाळीची. माझा नातू नाना आता कॉलेजात आहे. त्यानं काय घालून जायचं?"

रुक्मिणी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं त्या रात्री काही खाल्लं नाही. चंद्रप्रकाशला नोकरीची धास्ती होतीच. आता त्या धास्तीवर दुसरी येऊन बसली. उद्या आपण रिकाम्या हातानं आलो, तर हा ठपका आईच्या कपाळी कायमचा बसणार. चाळ एक वेळ विसरेल, पण आई स्वतः विसरणार नाही. त्यानं तिला सांगून बघितलं की नोकरी टायला देत नाहीत, माणसाला देतात. तिनं मान हलवली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. सकाळी तिनं माझी नीट घडी घालून मला त्याच्या खिशात ठेवलं.

साकीनाक्यावरून बसनं आम्ही मरोळला पोचलो. कंपनीच्या बाकावर उमेदवार ओळीनं बसलेले, सगळ्यांचे टाय जागच्या जागी. चंद्रप्रकाश खिडकीच्या काचेत बघून मला गळ्याभोवती गुंडाळायला लागला. शेजारी साधी सुती साडी नेसलेली एक मुलगी बसली होती. तिचं नाव शुभा, मुलुंडची, तीही बी.कॉम. तिनं थोडा वेळ हा प्रकार बघितला.

"अहो, फास लावून घेताय का? इकडे द्या," ती म्हणाली. "आमच्या कॉन्व्हेंटमध्ये टायशिवाय वर्गात घेत नसत."

एवढं बोलून तिनं सगळ्यांसमोर मला त्याच्या गळ्यात बांधायला घेतलं. बोटं अशी सराईत की मला गुदगुल्या झाल्या. चंद्रप्रकाश कानापर्यंत लाल झाला होता. त्यानं हळूच विचारलं, तुम्ही पण याच जागेसाठी आलात ना?

"हो. म्हणून काय तुम्हाला असंच आत पाठवू?"

नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि साहेबानं हे बघितलं. पुढचं नाव चंद्रप्रकाशचंच होतं.

आत पुस्तकातले प्रश्न झाले, पुस्तकातली उत्तरं झाली. साहेब पेन्सिलीशी खेळत होता. माझा अनुभव सांगतो, साहेब पेन्सिलीशी खेळायला लागला की काम संपत आलेलं असतं. मग त्यानं सहज विचारलं, बाहेर काय चाललं होतं? चंद्रप्रकाशनं सगळं सांगून टाकलं. गाठ, चाळ, धाकूकाका, आईनं मला घातलेली आंघोळ. नवी गाठ सैल होती, त्यामुळे त्याला घडाघडा बोलता आलं. साहेब हसला आणि म्हणाला, बी.कॉम. झालेल्या मुलानं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवावा?

"मी नाही ठेवत, सर. पण चाळ का ठेवते ते मला कळतं," चंद्रप्रकाश म्हणाला. "पहिल्याला नोकरी लागलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली. तुमच्या मिक्सरचंही तसंच आहे. पेपरात जाहिरात वाचून आमच्याकडे कुणी घेणार नाही. त्यांना वाटतं, जळेल, शॉक बसेल. एका घरात आठवडाभर नुसता वापरायला ठेवा. तिथं इडलीचं पीठ नीट वाटलं गेलं, की शेजारीण स्वतःहून दुकानात जाईल."

साहेबानं पेन्सिल खाली ठेवली. कुठल्या घरात ठेवशील, कुणाला विचारशील, बिघडला तर काय करशील, असे तो विचारत गेला आणि हा सांगत गेला. सगळ्यांचे इंटरव्ह्यू आटोपल्यावर साहेबानं त्याला पुन्हा आत बोलावलं आणि एक तारखेपासून या म्हणून सांगितलं.

बाहेर शुभा थांबली होती. याचा चेहरा बघून ती काय ते समजली. तिचा चेहरा पडला, आणि माझाही जीव खालीवर झाला, कारण मला इतकं सुबक आजवर कुणी बांधलं नव्हतं. मग ती म्हणाली, बसा, आता शिकूनच जा, दर वेळी मी नसणार. त्या बाकावर तिनं मला सोडून त्याला पुन्हा पुन्हा बांधायला लावलं. पुढे ती बोरिवलीला एका बँकेत लागली, असं चंद्रप्रकाशच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या मनाची रुखरुख गेली.

घरी रुक्मिणी दारातच उभी होती. त्यानं तिला आधी नोकरीचं सांगितलं आणि लगेच पुढचं.

"आई, ती गाठ तशीच असती ना, तर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. तू सोडलीस म्हणून लागली."

तिला वाटलं, पोरगा समजूत घालतोय. मग त्यानं साहेबाशी झालेलं सगळं बोलणं अक्षर न् अक्षर सांगितलं. ती खाली बसली आणि भरपूर रडली, आणि रडता रडता जेवलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी चाळकऱ्यांनी आग्रह धरला की नवी गाठ पक्की करून मला पुन्हा ट्रंकेत ठेवावं. चंद्रप्रकाशनं मला सोडलं आणि आईच्या हातात दिलं. पाण्याच्या पिंपाला माझा वेढा घालून घालून ती गाठ शिकली. तेव्हापासून चाळीत ज्याचा इंटरव्ह्यू असेल, तो तिच्यापुढे मान वाकवून उभा राहतो.

आता मी म्हातारा झालो. कडा उसवल्या, तांबडे पट्टे विटले, ज्याचा मी तोरा मिरवत होतो ते अस्तरही डोकावतंय. मी रुक्मिणीच्या खोलीत खुंटीवर मोकळा टांगलेला असतो. परवा सोमवारी धाकूकाकांचा नाना मला घालून अंधेरीला गेला होता. गाठ रुक्मिणीनं बांधली होती, आणि नानाला ती नोकरी मिळाली नाही.

तो परत आला तेव्हा सगळी चाळ गॅलरीत होती. रुक्मिणीचे हात कणकेत तसेच थांबले. धाकूकाका काहीतरी बोलणार, तेवढ्यात नानाच म्हणाला, "काकी, गुरुवारी परत एक आहे. बांधशील ना?"

"बांधतंय रे," ती म्हणाली. "पण त्या दिवशी उपाशी जाव नको."

 धाकूकाकांनी नातवाच्या गळ्यातून मला काढलं, चष्मा वर केला, आणि माझी गाठ स्वतः सोडली. मग मला दोन्ही हातांनी सरळ करून त्यांनी खुंटीवर टांगलं.

उद्या गुरुवार. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद गाठ मारून वर्षानुवर्षं टांगलेला असेल, तर कृपा करून त्याला सोडवा आणि एकदा धुवा. मला आता निजू द्या. सकाळी नानाबरोबर जायचंय.