दोन ते तीन, विसावा

तिचे दोन्ही हात हवेत होते आणि तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा थिजला. एका चौकटीत डॉक्टर तोंड अर्धवट उघडं ठेवून बसलेले, दुसरीत खाटेवरचा माणूस डोळे बारीक करून तिच्या बोटांकडे बघत होता. त्याला ऐकू येत नव्हतं. उद्या सकाळी त्याचं पोटाचं ऑपरेशन होतं, आणि आज काय काय पाळायचं ते डॉक्टर बोलत होते, ती खुणांच्या भाषेत त्याला सांगत होती. एक गोळी बंद ठेवायची, इथपर्यंत ती आली होती. कोणती गोळी, ते तिच्या हातातच राहिलं.

ती उठून पुढच्या खोलीत धावली. फडताळावर राउटरचा दिवा तांबडा झाला होता आणि त्याच्यासमोर सासरे आधीच हात मागे बांधून उभे होते. एखादं माणूस आजारी असलं की त्याच्या उशाशी उभं राहावं तसे.

"गेलं का गं?"

"गेलं, बाबा."

चार मिनिटांनी नेट आलं. तोवर रुग्णालयाने दुसऱ्या दुभाष्याला जोडून घेतलं होतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ ते तसेच राहू दिले.

दुभाषे पुरवणाऱ्या तिच्या संस्थेच्या बाईंचा फोन आला तो तासाभराने. बाई वाईट नव्हत्या, त्यामुळे ऐकणं जास्तच जड गेलं. महिन्यातली ही अकरावी वेळ, असं त्या म्हणाल्या. त्या गोळीऐवजी भलतीच गोळी बंद झाली असती तर काय, हेही म्हणाल्या. या आठवड्यात पुन्हा असं झालं तर घरून काम बंद, मुख्य कार्यालयात यावं लागेल. मुख्य कार्यालय बसने सहा तासांवर होतं. राहायला एका माणसापुरती खोली देतो, असं बाई म्हणाल्या, आणि ते त्या मनापासूनच म्हणत होत्या.

एका माणसापुरती. तिने भिंतीपलीकडे कान दिला. सासरे कोरड्या फडक्याने राउटर पुसत होते. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून या घरात ही दोनच माणसं, आणि दोघं एकमेकांना इतकी जपत की कधीकधी त्याचाच वैताग यायचा. त्यांना सोडून जाणं तिच्याच्याने होणार नव्हतं. नोकरी सोडली तर घर चालणार नव्हतं. आता करायचं काय, हा प्रश्न त्या पुसण्याच्या आवाजाबरोबर तिच्या डोक्यात गोल गोल फिरत राहिला.

नेटच्या कंपनीला तिने आजवर इतके फोन केले होते की तिकडे फोन धरून ठेवताना वाजणारी धून तिला तोंडपाठ झाली होती. बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा, हे एवढं ऐकवायला माणसं पगारी कशाला ठेवतात, असं ती एकदा बोलूनही गेली होती. तंत्रज्ञ दोनदा येऊन तार बदलून गेला होता. दुसऱ्या वेळी सासऱ्यांनी त्याला पान्हा कसा धरावा ते दाखवलं, आणि तो बिचारा निमूटपणे शिकून गेला.

या वेळी फोनवर जी मुलगी लागली ती मात्र चिकट निघाली. तिने राउटरच्या बॉक्सची सगळी नोंद उघडली. म्हणाली, नेट तुटण्याचा दोष जुना आहे, कंपनीला माहीत आहे, त्याच्यावरचं अपडेटही निघालंय. तुमच्या बॉक्सला ते रोज दुपारी दोनला पाठवलं जातं. तेव्हा लाइनवर गर्दी नसते. ते बसायला लागतं पाऊण तास.

"पण ताई, बसत असतानाच तुमचा बॉक्स बंद पडतो. मग तो परत जुन्यावर जातो. रोज."

"रोज?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी बंद, तीनला चालू. एकही दिवस चुकलेला नाही. तुमच्याकडे दुपारची वीज जाते का?"

वीज जात नव्हती. काय होतंय ते तिला त्या क्षणी कळलं.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुपारी तासभर आडवं व्हायला सांगितलं होतं, आणि हे गृहस्थ ऐकतील तर शपथ. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढलेला माणूस. दिवसा झोपणारा माणूस त्यांच्या लेखी कामचुकार. घरात नेट नवीन होतं आणि ते दुपारभर टॅबवर जुन्या यंत्रांचे व्हिडिओ बघत बसायचे. नवऱ्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी अगदी गंभीर चेहऱ्याने वडिलांना सांगितलं, बाबा, हे यंत्र तापतं. याला दुपारी दोन ते तीन विसावा लागतो. तेवढं तुमच्याकडे लागलं. नेट नाही म्हणजे व्हिडिओ नाही, व्हिडिओ नाही म्हणजे माणूस कंटाळून आडवा होतो. ती स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली होती.

नंतर ते ती विसरूनही गेली. दुपारी ती मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची, साडेचारला घरी यायची. रुग्णालयाचं काम संध्याकाळचं. दुपारी घरात काय चालतं, हे तिला कोण सांगणार? तिने कधी विचारलं नव्हतं.

सासरे बाहेर गेल्यावर तिने त्यांच्या टेबलाचा खण उघडला. निळ्या पुठ्ठ्याची वही होती, पंपावर ठेवायचे तशीच आखलेली. तारीख, बंद, चालू, आदेश. आदेशाशिवाय पंपाला हात लावायचा नाही हा तिथला नियम ती शंभरदा ऐकून होती. पहिल्या ओळीत आदेशाच्या रकान्यात लिहिलं होतं, चिरंजीव. त्याखाली प्रत्येक ओळीला दोन छोट्या तिरक्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. पानं उलटत ती दीड वर्षापूर्वीच्या त्या आठवड्यापर्यंत आली. त्या दिवसाची नोंद होती. दोन दहा बंद, तीन वाजता चालू. अक्षर थोडं हललेलं. दुसऱ्या दिवशीही होती.

तिने वही जशीच्या तशी ठेवली. बोलायचं कसं, याची तिने सकाळपर्यंत चार भाषणं मनात केली. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. त्यांना खरं सांगायचं म्हणजे तुमचा मुलगा तुमच्याशी खोटं बोलला होता, असं सांगायचं, आणि आता त्याच्याकडे बाजू मांडायला जागा नव्हती. पण न सांगावं तर अपडेट बसणार नव्हतं.

शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती दीडला घरी आली. दोन वाजले. राउटरचा दिवा पिवळा होऊन लुकलुकायला लागला. दोन दहाला, दोनच्या बातम्या ऐकून झाल्यावर, रोजच्यासारखे सासरे चप्पल फटफटवत आले आणि बटणाकडे हात नेला.

"बाबा, आज राहू द्या."

हात थांबला. तिने भराभर सांगून टाकलं. अपडेट येतं, पाऊण तास लागतो, मध्ये बंद केलं की सगळं वाया. बाईंचा फोन, सहा तासांवरची खोली, तेही सांगितलं. तिला ते लपवायचं होतं, पण बोलण्याच्या भरात निघून गेलं. विसाव्याचं मात्र ती काही बोलली नाही.

सासऱ्यांनी हात मागे घेतला. खुर्ची ओढून ते राउटरसमोर बसले. तीही शेजारी स्टुलावर बसली. पिवळा दिवा लुकलुकत होता आणि दोघांनाही दुसरीकडे बघायला सुचत नव्हतं.

"म्हणजे तुझं नेट मी तोडत होतो."

"तुम्ही नाही, बाबा. तो दोष आतलाच आहे."

"आणि तो जाऊ मी देत नव्हतो." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "पंपाला विसावा का लागतो, माहितीये? आत काहीतरी फिरत असतं. झिजतं, तापतं. यात फिरणारं काय आहे? काही नाही. पहिल्याच दिवशी मी हे उलटं करून बघितलं होतं."

ती स्टुलावरून त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकतीस वर्षं यंत्रांपाशी काढली गं. तो मला शिकवणार?" ते किंचित हसले. "पण तीनला ऑफिसातून फोन करायचा. बाबा, चालू केलंत का? मी म्हणायचो, केलं. मग म्हणायचा, झोप लागली का? मी म्हणायचो, मी कुठे झोपलो होतो, मी यंत्र सांभाळत होतो. तेवढ्यावर खूश व्हायचा." त्यांनी बटणाकडे पाहिलं. "आता फोन येत नाही. पण बटण बंद केलं की मला झोप लागते. तीनपर्यंत तो आहे असं वाटतं."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

पावणेतीनला दिवा हिरवा झाला. हिरवाच राहिला.

त्या संध्याकाळी नेट तुटलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. आठवड्याच्या शेवटी बाईंचा निरोप आला, छान चाललंय, तिथूनच करा. तिने तो सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली, बरं झालं म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. शेजारणीकडून कळलं की हल्ली ते दुपारभर गॅलरीत येरझारा घालतात. तिने खण उघडून पाहिला. चार दिवस वहीत एकही ओळ नव्हती; तिचं नेट पुन्हा बिघडेल म्हणून त्यांनी बटणाला हातच लावला नव्हता.

सोमवारी शाळेला निघताना तिने टॅब आणून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"बाबा, एक काम आहे. हा हल्ली फार तापतो. याला दुपारी दोन ते तीन विसावा लागेल. बंद करून उशाशी ठेवायचा. लक्ष ठेवावं लागेल, आडवं पडून ठेवलं तरी चालेल."

तिने हे अगदी गंभीर चेहऱ्याने म्हटलं. सासऱ्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. टॅब उचलला, उलटा केला, पाठीवर हात फिरवून बघितला. तो थंडगार होता.

"पूर्ण तास?"

"पूर्ण तास. तीनला मी शाळेतून फोन करीन. चालू केलात का विचारायला."

त्यांनी टॅब टेबलावर सरळ ठेवला. ती पायात चपला घालत होती, त्यांच्याकडे बघायचं तिने मुद्दाम टाळलं. खण उघडल्याचा आवाज आला, मग वहीचं पान उलटल्याचा. पट्टी लावून रेघ मारल्याचाही.

"आदेशात काय लिहू?" तिला राहवलं नाही म्हणून ती दारातून वळली, तर ते तिला विचारत नव्हते. स्वतःशीच पुटपुटत होते.

"सूनबाई लिहा की," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली नाही. पेन्सिलीचं टोक आदेशाच्या रकान्यावर क्षणभर थांबलं. मग त्यांनी तिथे दोन छोट्या तिरक्या रेघा मारल्या आणि वही मिटली.

"जा आता," ते म्हणाले. "तुला उशीर होईल."